पेढीची लेखणी

व्यापार हा मुळात बोलण्याचा व्यवसाय आहे. 'बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत' ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. गादीवर बसलेला सराफ गिऱ्हाइकाला सोन्याचा कस समजावून देतो, कापडाचा व्यापारी थान उलगडता उलगडता विणीतला फरक दाखवतो, धान्याचा व्यापारी मूठभर तांदूळ तळहातावर पसरून जुना कोणता आणि नवा कोणता हे सांगतो. असे ज्ञान प्रत्येक जुन्या पेढीत दोन-तीन पिढ्यांपासून साठलेले असते. दिवसातून वीस वेळा ते उच्चारले जाते आणि प्रत्येक वेळी केवळ समोर बसलेल्या एका माणसापुरते उरते. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही यांत पैशाची प्रत्येक नोंद सापडते. परंतु ज्या जाणकारीच्या बळावर तो पैसा आला, तिची नोंद कोठेही सापडत नाही.

पूर्वी याने फारसे बिघडत नव्हते. गिऱ्हाईक दुकानात येई, प्रश्न विचारी आणि उत्तर मिळाल्यावर खरेदी करी. आता हा क्रम उलटला आहे. लग्नाची खरेदी असो वा घराच्या फरश्या, ग्राहक आपले प्रश्न आधी हातातल्या मोबाइलला विचारतो. दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच त्याचा निर्णय बराचसा झालेला असतो. त्याच्या मनात हा निर्णय आकार घेत असताना गावातली जाणकार पेढी गप्प असेल, तर दुसरा कोणीतरी बोलतो. आणि तो दुसरा जाणकार असेलच असे नाही. म्हणूनच आपल्या धंद्याविषयी नियमितपणे, ग्राहकाच्या उपयोगाचे असे लिहिणे, ज्याला आज 'ब्लॉग' म्हणतात, हा छोट्या व्यापाऱ्यासाठी हौसेचा नव्हे, तर पेढीच्या भवितव्याचा विषय झाला आहे.

नांगराने काढलेली मासिके

व्यापाऱ्याने लिहावे ही कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. अमेरिकेतील जॉन डिअर या नांगर बनविणाऱ्या कंपनीने १८९५ साली 'द फरो' हे नियतकालिक सुरू केले. फरो म्हणजे नांगराची तास. शेतकऱ्याला शेतीविषयी उपयुक्त माहिती द्यावी, हा त्याचा हेतू. ते आजही प्रसिद्ध होते. फ्रान्समधील मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली वाहनचालकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढून ती फुकट वाटली. त्या काळी फ्रान्समध्ये मोटारी अगदी थोड्या होत्या. लोकांनी प्रवास करावा, म्हणजे टायर झिजतील आणि नवे खपतील, असा तो साधा व्यापारी हिशोब होता. त्याच पुस्तिकेतून पुढे उपाहारगृहांना तारे देणारी जगप्रसिद्ध प्रथा निर्माण झाली.

महाराष्ट्राला मात्र इतके दूर जाण्याची गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे छोटेसे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनविला. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली, असे सांगतात. माल उत्तम होता, किंमतही वाजवी होती. आड येत होती ती ग्राहकाच्या मनातली शंका. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोडजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० साली त्याच वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्रक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी संपादिले. पुढे 'खबर' हा शब्द गळून ते 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्याच्या जोडीला आली. एका नांगराच्या कारखान्याने मराठी मध्यमवर्गाचे वाचन घडविले, ही आपल्या व्यापारी इतिहासातील असामान्य घटना होय. नांगर कोणता घ्यावा हे सांगण्यासाठी जी लेखणी उचलली गेली, तिने घराघरांत त्या नावाविषयी विश्वास निर्माण केला.

किर्लोस्करांना त्यासाठी छापखाना, कागद आणि टपाल यांचा भार उचलावा लागला. आजच्या छोट्या दुकानदाराला यांपैकी काहीच लागत नाही. अडसर उरला आहे तो केवळ सवयीचा.

मंदीतले पोहण्याचे तलाव

या मार्गाचे अलीकडच्या काळातील बोलके उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले आहे. रिव्हर पूल्स ही घराच्या अंगणात फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवून देणारी छोटी भागीदारी संस्था. २००८ सालच्या आर्थिक संकटात तिथली घरांची बाजारपेठ कोसळली, कर्जे मिळेनाशी झाली आणि पोहण्याचा तलाव ही पहिली टाळण्याची वस्तू ठरली. संस्था बुडण्याच्या काठावर आली. जाहिरातींवर खर्च करण्यास पैसा उरला नव्हता. तेव्हा मार्कस शेरिडन या भागीदाराने २००९ साली एक साधा उपाय केला. ग्राहकांनी आजवर विचारलेले सर्व प्रश्न त्याने आठवून लिहून काढले आणि एकेका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर संस्थेच्या संकेतस्थळावर लिहिण्यास सुरुवात केली.

पहिला प्रश्न अर्थातच किमतीचा होता. या धंद्यात किंमत उघडपणे कोणीच सांगत नसे; प्रत्येक तलाव वेगळा, तेव्हा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आकडा कसा सांगणार, असा सर्वांचा युक्तिवाद. शेरिडनने नेमका आकडा दिला नाही, पण किंमत कशावर अवलंबून असते, कोणत्या बाबीने ती वाढते आणि साधारण कोणत्या मर्यादेत राहते हे सविस्तर लिहिले. दुसरा प्रश्न दोषांचा: फायबरग्लासच्या तलावात उणिवा कोणत्या? त्याने त्या लिहिल्या. काँक्रीटचा तलाव कोणासाठी अधिक योग्य, हेही लिहिले. एवढेच नव्हे, तर आपल्या भागातील चांगल्या तलावबांधणी संस्थांची यादी देताना प्रतिस्पर्ध्यांची नावे लिहिली आणि स्वतःचे नाव त्यात घातले नाही.

परिणाम असा झाला की तलावाविषयी काही शोधणारा अमेरिकेतील माणूस या छोट्या गावातल्या संस्थेच्या पानावर येऊ लागला. केवळ किमतीविषयीच्या त्या एका लेखामुळे दहा लाख डॉलरहून अधिक विक्री झाल्याचे शेरिडनने पुढे नोंदविले. त्याचे आणखी एक निरीक्षण प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. ज्या ग्राहकाने भेटीपूर्वी संकेतस्थळावरील ३० वा त्याहून अधिक पाने वाचली असतील, त्याच्याशी व्यवहार ठरण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्के निघाले. वाचून आलेला ग्राहक घासाघीस कमी करतो आणि विश्वास अधिक ठेवतो. हा सारा अनुभव शेरिडनने २०१७ साली पुस्तकरूपाने मांडला. त्याच्या नावाचा भावार्थ असा : ग्राहक विचारतो, तुम्ही उत्तर द्या.

खर्च की ठेव?

बँकेच्या व्यवहारात ज्याने उमेदवारी केली आहे, त्याला यातील हिशोब चटकन कळेल. वर्तमानपत्रातील जाहिरात हे भाडे आहे. भाडे भरले तोवर जागा आपली. थांबविले की दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्याचा फलक. लेखाचे स्वरूप आवर्ती ठेवीसारखे आहे. दर पंधरवड्याला एक लेख लिहिला, तर वर्षाअखेरीस चोवीस आणि पाच वर्षांत एकशे वीस लेख जमा होतात. पाच वर्षांपूर्वीचा लेखही आज रात्री कोणा परगावच्या ग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर देत असतो. पहिल्या काही महिन्यांत त्यातून दिसण्यासारखे काही निघत नाही. आवर्ती ठेवीतही सुरुवातीच्या हप्त्यांवरील व्याज नगण्यच भासते.

दुसरी बाब नावलौकिकाची. हिशोबशास्त्रात त्याला स्वतंत्र स्थान आहे. एखादी पेढी विकत घेताना मालमत्तेहून जास्त मोजलेली रक्कम नावलौकिक म्हणून ताळेबंदात येते. परंतु स्वतः कमावलेला नावलौकिक मात्र लेखामानक २६ अन्वये ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखविता येत नाही. म्हणजे आजोबांनी, वडिलांनी आयुष्यभर जमविलेली सर्वांत मोठी मालमत्ता कागदावर शून्य असते. ती गिऱ्हाइकांच्या स्मरणात असते, आणि स्मरण हे माणसाबरोबर जाते. लिहिलेला शब्द ताळेबंदात आला नाही तरी त्या मालमत्तेचा दृश्य पुरावा म्हणून टिकतो. तो पाहून नवा ग्राहक, नवा घाऊक व्यापारी, क्वचित कर्ज मंजूर करणारा अधिकारीही पेढीविषयी मत बनवितो. कर्जदाराचे चारित्र्य आणि धंद्याची जाण या दोन गोष्टी तारणाइतक्याच महत्त्वाच्या असतात, हे कर्जवाटपातील जुने तत्त्व आहे.

तिसरी बाब जागेच्या मालकीची. समाजमाध्यमांवरील पान हे दुसऱ्याच्या जागेतील दुकान आहे. तिथले नियम मालक ठरवितो, आणि खाते बंद पडले तर दाद मागण्याची वाट लांबची असते. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत माल विकला, तर ग्राहकाला बाजारपेठेचे नाव आठवते, विकणाऱ्याचे नाही. या जागांचा उपयोग अवश्य करावा. परंतु मूळ लेखन स्वतःच्या नावाच्या संकेतस्थळावर असावे आणि तिथला दुवा इतरत्र पाठवावा. त्या संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, पेढीच्या अथवा मालकाच्या नावावर नोंदविलेले आहे ना, हे जातीने पाहावे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर ते राहिले, तर ती पराधीनताच. त्याचे नूतनीकरण वेळेवर होते का, याची नोंद विम्याच्या हप्त्याप्रमाणे डायरीत असावी.

लिहायचे काय?

'आमच्याकडे लिहिण्यासारखे आहे काय?' असा प्रश्न बहुतेक व्यापारी करतात. उत्तर गल्ल्यापाशीच आहे. एक कोरी वही गल्ल्याजवळ ठेवावी आणि महिनाभर ग्राहकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवावा. महिन्याच्या शेवटी वर्षभराच्या लेखांची यादी तयार असते. काही उदाहरणे पाहू.

सराफी पेढीत आजकाल हमखास येणारा प्रश्न हॉलमार्कचा. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकण्यास सराफाला मनाई झाली. गिऱ्हाईक विचारते : 'सासूबाईंच्या पाटल्यांवर असा क्रमांक नाही, मग त्या खोट्या का?' मुळीच नाही. हे बंधन विकणाऱ्या सराफावर आहे, घरातल्या जुन्या दागिन्यांवर नाही. दागिन्यावरील ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८ कॅरेट. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर क्रमांक घालून दागिन्याची खातरजमा कशी करावी. घडणावळ आणि घट म्हणजे नेमके काय आणि मोडीच्या वेळी त्यांतले काय परत मिळत नाही. या प्रत्येकावर एकेक लेख होतो. शेवटचा लेख लिहिण्यास धैर्य लागते. परंतु ते सत्य ग्राहकाला मोडीच्या दिवशी कळण्यापेक्षा खरेदीच्या दिवशी कळलेले बरे.

कापडाच्या पेढीत पैठणीचा प्रश्न असतो. 'एक पैठणी अमुक हजारांना आणि तशीच दिसणारी दुसरी तिच्या कितीतरी पट किमतीला, असे का?' हातमागावर पदराची नक्षी विणकर रंगीत धागे हाताने गुंफून विणतो, म्हणून पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीच्या उलट्या बाजूस सुटे वा कापलेले धागे दिसतात. एवढे चार ओळींत छायाचित्रासह सांगितले, तरी येवल्याच्या विणकराचे श्रम आणि पेढीची सचोटी दोन्ही ग्राहकापर्यंत पोहोचतात. यंत्रमागाची साडी विकण्यातही काही गैर नाही. ती हातमागाची म्हणून विकू नये इतकेच.

सांगलीकडच्या हळदीच्या व्यापाऱ्याला हळकुंडे आणि तयार पूड यांतील फरक, वर्षभराची हळद साठविण्याची रीत, वाटेत होणारी भेसळ यांवर लिहिता येईल. तांदळाच्या व्यापाऱ्याला आंबेमोहर आणि इंद्रायणी यांतील फरक, जुना तांदूळ पुलावाला आणि नवा मऊ भाताला का, यावर लिहिता येईल. कारखान्यांना पंप, बेअरिंग, रंग, रसायने पुरविणाऱ्यांचे क्षेत्र तर अधिकच समृद्ध आहे. कारण तिथला ग्राहक चूक परवडत नाही म्हणून मन लावून वाचतो.

कोणी आणि कसे लिहावे?

ही जबाबदारी एकट्या मालकाची नाही. बहुतेक व्यापारी घरांत शिकलेल्या सुना, मुली आणि नातवंडे आहेत. ज्येष्ठांनी सांगावे, तरुणांनी लिहावे, आणि छापण्यापूर्वी ज्येष्ठांनी एकदा ऐकावे, ही सोपी रीत होय. बोललेले मराठी मोबाइलवर आपोआप टंकलिखित होण्याची सोय आज उपलब्ध आहे; आजोबांना कळफलकाशी झटापट करावी लागत नाही. भाषा ग्राहकाची असावी. ज्या गावात माल विकायचा, त्या गावच्या मराठीत लिहिलेला साधा लेख अलंकारिक इंग्रजी मजकुरापेक्षा अधिक वाचला जातो.

एका लेखात एकच प्रश्न घ्यावा. मथळा तो प्रश्नच असावा, उत्तर पहिल्या परिच्छेदातच यावे आणि खुलासा नंतर. स्वतःच्या दुकानातील छायाचित्र वापरावे. सणांच्या शुभेच्छांची तयार चित्रे कोणाच्याही ज्ञानात भर घालीत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून क्षणात लेख लिहवून घेण्याचा मोह आता सर्वांना होतो. शुद्धलेखन, मांडणी यांसाठी तिची मदत जरूर घ्यावी. पण जो मजकूर कोणत्याही गावच्या कोणत्याही दुकानाला चिकटविता येतो, तो आपल्या पेढीचा कसा? तीस वर्षे माल हाताळून बोटांना जे कळले, तेवढेच आपले.

पथ्ये आणि मर्यादा

लेखणीला पथ्ये आहेत. संकेतस्थळावरील मजकूर हीदेखील कायद्याने जाहिरातच ठरू शकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकास अथवा शिफारस करणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या चूर्णाने मधुमेह बरा होतो, आपल्या तेलाने कर्करोग टळतो, असे दावे तर कधीच करू नयेत. त्यासाठी १९५४ सालापासून वेगळा कायदा आहे. ग्राहकाचे छायाचित्र वा नाव त्याच्या संमतीवाचून छापू नये. दुसऱ्याचा लेख उचलून आपल्या नावावर घालू नये. प्रतिस्पर्ध्याची निंदा करू नये. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी वजनमापे आणि हलका माल चांगला म्हणून विकणे यांचा स्पष्ट समावेश आहे. शब्दांचे मापही याच कसोटीला उतरले पाहिजे.

मर्यादाही ओळखाव्यात. ज्या वाण्याचे सारे गिऱ्हाईक चार गल्ल्यांतलेच आहे, त्याला लेखांपेक्षा वेळेवर घरपोच माल आणि गोड शब्द अधिक उपयोगी पडतील. माल निकृष्ट असेल, बिलात घोळ असेल, तर उत्तम लेखन पेढीची अपकीर्ती अधिक वेगाने पसरवील. सहा महिन्यांत विक्री दुप्पट होईल, असे सांगून हजारो रुपये घेणाऱ्यांपासून सावध राहावे. ठेव मुदत पुरी होण्याआधी फळ देत नाही, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. आणि दोन महिने उत्साहाने लिहून थांबण्यापेक्षा महिन्याला एकच लेख, पण न चुकता, हे व्रत अधिक फलदायी.

ज्याची किंमत रुपयांत होत नाही, असाही एक लाभ आहे. अनेक पेढ्यांत आज वडील गादीवर आणि मुलगा पुण्या-बंगळुरात नोकरीवर असे चित्र आहे. मुलगा परत येईल की नाही, हे सांगता येत नाही. आला तर त्याला धंदा शिकविणारे हात तेव्हा असतील की नाही, हेही सांगता येत नाही. हळकुंड मोडल्यावरच्या रंगावरून त्याची जात ओळखणे, कसोटीच्या दगडावरची रेघ वाचणे, कापड चिमटीत धरून सूत ओळखणे ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात शिकवीत नाहीत. ग्राहकासाठी लिहिलेले शंभर लेख हे त्याच वेळी पुढच्या पिढीसाठी लिहिलेले शंभर धडे ठरतात. येत्या दिवाळीला चोपडीपूजन होईल, तेव्हा नव्या खतावणीशेजारी आणखी एक कोरी वही ठेवावी आणि पाडव्याच्या मुहूर्तावर तिच्यात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न लिहावा.